परदेशी प्रवेशाच्या टक्क्यांना आधार काय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

बारावीनंतर मुलाला परदेशी पाठवायचे म्हणून प्रवेश सल्लागाराकडे चौकशीला गेलेल्या पालकांच्या हातात हल्ली ‘प्रोफाइल रिपोर्ट’ नावाचा कागद पडतो. विद्यापीठांची नावे एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे प्रवेशाच्या शक्यतेचे टक्के. कुठे ३५, कुठे ६०. सांगली-साताऱ्यातले पालक तो आकडा खरा धरतात, कारण आपल्याकडे प्रवेश म्हणजे कट-ऑफ, आणि कट-ऑफशी मार्क ताडून पाहायची सवय घराघरांत मुरलेली आहे. त्या आकड्याच्या भरवशावर भरमसाट फी भरली जाते, कर्जाची चौकशी सुरू होते आणि मुलगा सीईटी-जेईईचा अभ्यास अर्ध्यावर टाकतो. त्या टक्क्यांमागे बहुतेक वेळा काहीही नसते. म्हणून हा हिशेब जसा करायला हवा तसा मांडत आहोत.

आधी जिथे कट-ऑफ खरोखर चालतो ते पाहू. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी सीईटी सेल ज्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या घेते त्यांच्या यादीत प्रत्येक शाखेखाली दोन आकडे असतात. वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती मुले आपल्या मागे आहेत ते. बहुतेक जण कंसातला आकडा पाहतात. पाहायचा असतो मेरिट नंबर. पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) गटाला तीन लाख मुले बसली तर ९९ पर्सेंटाइलच्या वर साधारण तीन हजार मुले असतात. चार लाख बसली तर चार हजार. पर्सेंटाइल तेच राहते आणि पुढे उभ्या मुलांची संख्या हजाराने वाढते. जागा मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. ‘गेल्या वर्षी एवढ्यावर मिळाले होते’ या वाक्याने दरवर्षी कितीतरी घरे फसतात ती इथेच.

दुसरी चूक रकाना वाचण्यात होते. जीओपनएस, जीओपनएच, एलओपनएस हे वेगवेगळे रकाने आहेत. शेवटचे अक्षर राज्यस्तर की गृहविद्यापीठ ते सांगते, पहिले सर्वसाधारण की मुलींसाठी ते. टीएफडब्ल्यूएसचा रकाना तर पालक ‘सवलतीचा’ म्हणून सोपा समजतात. फीमाफीच्या जागा इतक्या थोड्या असतात की तिथला कट-ऑफ अनेकदा खुल्या गटाच्याही वर जातो. आपल्याच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्सची खुल्या गटातली शेवटची जागा ९९ पर्सेंटाइलच्या आसपास थांबते. तिथे ९७ वाल्याने ‘चान्स किती’ विचारण्यापेक्षा शाखा बदलून पाहावी.

आयआयटीचेही तेच. आयआयटीच्या जागांचे वाटप करणारी जोसा प्रत्येक फेरीनंतर ओपनिंग आणि क्लोजिंग रँक जाहीर करते. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्सची खुल्या गटातली, मुला-मुलींची सामाईक क्लोजिंग रँक गेली काही वर्षे ६० ते ७० च्या दरम्यान आहे. रँक ४० असेल तर जागा मिळते, १०० असेल तर मिळत नाही. तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या रँका काढाव्यात, त्यातली सर्वांत कडक धरावी आणि आपल्या रँकेशी ताडून पाहावे. परीक्षेआधी अंदाज हवा असेल तर तो जागेचा लावू नये, रँकेचा लावावा. पूर्ण वेळेचे, घड्याळ लावून दिलेले सहा ते आठ सराव पेपर घ्यावेत, सर्वांत चांगला वगळावा आणि उरलेल्यांच्या खालच्या निम्म्या भागाची सरासरी पाहावी. घरात सोडवलेला, मध्ये चहाला उठलेला पेपर या हिशेबात धरू नये.

आता परदेशी. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी यांच्याकडे कट-ऑफच नसतो. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर अमेरिकेत मोठा खटला चालला, सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये त्याचा निकाल दिला. त्या खटल्यात पुढे आलेले आकडे प्रत्येक पालकाने एकदा वाचावेत. एका वर्षी अमेरिकेतल्याच अर्जदारांत सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवणारे सुमारे ३,४०० होते, भाषेत पैकीच्या पैकी मिळवणारे सुमारे २,७०० आणि शाळेच्या गुणांत कुठेही उणे नसलेले ८,००० च्या वर. जागा २,००० पेक्षा कमी. म्हणजे पूर्ण गुण मिळवलेली हजारो मुले परत गेली. गुणांवरून टक्के काढणारा तक्ता इथे लावायचा कसा?

मार्क निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. मार्क दारापर्यंत नेतात. हे दार किती उंच आहे ते पाहण्याची सोय आहे. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, फुकट. त्यातला सी-१ भाग अर्ज किती आणि प्रवेश किती ते सांगतो. सी-७ मध्ये गुण, निबंध, शिफारस, मुलाखत यांतले कशाला किती वजन आहे ते लिहिलेले असते. सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या सॅट गुणांचा मधला पट्टा असतो, म्हणजे खालचे पाव आणि वरचे पाव सोडून उरलेले निम्मे. आणि एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत दिली का, किती जणांना आणि सरासरी किती, ते असते. सल्लागाराकडे जाण्याआधी हे चार भाग छापून घ्यावेत.

एमआयटीचा गणितातला मधला पट्टा ८०० पैकी ७८० ते ८०० आहे. ७२० वाल्याचा अर्ज तिथे फार दुबळा. पण ७९० चे ८०० करायला पुन्हा परीक्षा देण्यात काही हशील नाही. पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोचलात की सॅट थांबवावी आणि तो वेळ बाकीच्या अर्जाला द्यावा. आणखी एक खबरदारी. जिथे सॅट ऐच्छिक आहे तिथे कमी गुणवाले गुण पाठवतच नाहीत, म्हणून छापलेला पट्टा असतो त्याहून वर दिसतो. एमआयटीने सॅट २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. हार्वर्ड, ब्राऊन, डार्टमथ यांनी तसा निर्णय २०२४ मध्ये घेतला. कोलंबियाने २०२३ मध्ये ती ऐच्छिकच ठेवायचे ठरवले. जुन्या वर्षाचा तक्ता वाचताना तेव्हा नियम कोणता होता ते आधी पाहावे.

मग अंदाज कसा लावायचा? सुरुवात आपल्या मुलापासून करायची नाही. ज्या रांगेत तो उभा राहणार त्या रांगेपासून करायची. हार्वर्डला २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले, १,९३७ जणांना होकार गेला, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर. त्यात अमेरिकी खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची मुले, देणगीदारांशी संबंधित मुले असे सगळे आले. खटल्यातल्या आकड्यांनुसार हा गट अर्जदारांत सुमारे पाच टक्के आणि प्रवेश मिळालेल्यांत सुमारे तीस टक्के होता. इस्लामपूरच्या किंवा कराडच्या मुलाची रांग ती नव्हे. एमआयटी परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे देते. तिथे एकूण दर साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे आणि परदेशी मुलांचा दोनाच्या जवळपास. म्हणजे अगदी चांगल्या मुलाचा हिशेब शंभरात दोनपासून सुरू होतो.

तिथून वर किती सरकता येते? आमच्या मते, उत्तम गुण आणि व्यवस्थित अर्ज असलेला मुलगा शंभरात एक ते तीन या पट्ट्यातच राहतो, कारण त्या रांगेत उत्तम गुण आणि व्यवस्थित अर्ज सगळ्यांकडेच असतात. पट्टा ओलांडायला देशपातळीवर उठून दिसणारे काही तरी लागते. गणित ऑलिम्पियाडमध्ये आधी आयओक्यूएम ही परीक्षा, मग आरएमओ, मग आयएनएमओ, मग प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी सहा जणांचा भारतीय संघ, अशी चाळणी आहे. यात पहिल्या पायरीवर पात्र ठरणे आणि शिबिरापर्यंत जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिपोर्टमध्ये मात्र दोन्हीला ‘ऑलिम्पियाड: होय’ असा एकच टिकमार्क असतो. खासगी कंपन्यांच्या शालेय ‘ऑलिम्पियाड’ची पदके तर या हिशेबात धरूच नयेत.

पैशाचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. तो सर्वांत आधी विचारायला हवा, कारण अंदाज त्यानेच सर्वांत जास्त हलतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राऊन ही विद्यापीठे परदेशी मुलाचाही प्रवेश ठरवताना त्याला मदत लागणार की नाही हे बघत नाहीत. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, ड्यूक यांसारखी इतर बहुतेक बघतात. तिथे पूर्ण मदत मागणारा आणि पूर्ण फी भरणारा यांची रांग एक नसते, म्हणून दोघांना एकच टक्का सांगणारा रिपोर्ट तिथल्या तिथे बाजूला ठेवावा. आणि ‘आधी प्रवेश मिळवू, मदत नंतर मागू’ हा सल्ला तर घातक आहे. अशा बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर चारही वर्षे मागता येत नाही. वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी घरचे हात टेकतात.

मदत मागायची तर बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा लांबलचक फॉर्म भरावा लागतो, आणि शेतकरी कुटुंबांचे घोडे इथेच अडते. शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नसते किंवा त्यात शेतीचा उल्लेख नसतो. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडतात. तो बहुतेक वेळा शाळेच्या सवलतीसाठी काढलेला असतो आणि त्यावर लाख-दीड लाखाचा आकडा असतो. त्याच घराच्या बँक खात्यात बेदाण्याच्या पट्टीचे आणि उसाच्या बिलाचे सात-आठ लाख जमा झालेले दिसतात. तपासणाऱ्याला हे दोन कागद एकमेकांशी भांडताना दिसतात आणि संशय पूर्ण अर्जावर जातो. हे टाळण्यासाठी कारखान्याची वर्षभराची ऊसबिले, सौद्याच्या पट्ट्या, पीककर्जाचा उतारा, खते-औषधे-मजुरीचा खर्च हे सगळे एका पानावर इंग्रजीत मांडावे आणि निव्वळ उत्पन्न काढून दाखवावे. सातबाऱ्यावरची जमीनही फॉर्ममध्ये दाखवावी लागते. चार एकर बाग कागदावर कोटीत जाते. ती विकायची मालमत्ता नाही, पोटापाण्याचे साधन आहे, हे वेगळ्या पत्रात लिहावे. आकडे लपवू नयेत.

अर्ज पडतो तो बहुधा कागदपत्रांत. अमेरिकेच्या नियमित अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, आधीच्या फेरीची १ नोव्हेंबरला. निर्णय मार्चअखेर येतो, होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. आपला बारावीचा निकाल त्यानंतर लागतो. म्हणजे ज्या बारावीसाठी घर जिवाचे रान करते तिचे गुण निर्णय घेणाऱ्याच्या समोर नसतातच. समोर असतात नववी, दहावी आणि अकरावी. नंतर बारावीच्या पूर्वपरीक्षेचे गुण जातात, आणि बोर्डाचा निकाल लागल्यावर तो आधीच्या गुणांशी जुळतो का एवढे पाहिले जाते. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष. क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात मुलगा जातच नाही आणि वर्षाअखेर सगळ्यांना सारखे गुण घालून गुणपत्रिका तयार होते. हीच गुणपत्रिका पुढे अर्जातला सर्वांत वजनदार कागद ठरते. अकरावीत ६४ टक्के आणि बारावीचे अंदाजित ९५, असे पाठवले तर अंदाजावर कोण विश्वास ठेवेल?

शिफारसपत्रांचेही तसेच. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रे लागतात, एक गणित-विज्ञानाचे आणि एक भाषा किंवा समाजशास्त्रांचे. विज्ञान शाखेच्या मुलाला दुसरे पत्र मराठी किंवा इंग्रजीच्या शिक्षकांकडूनच मिळू शकते, आणि टाय-अपच्या मुलाला त्या शिक्षकांनी कधी पाहिलेलेही नसते. मग ‘आज्ञाधारक, कष्टाळू व होतकरू’ असे चार ओळींचे दाखल्यासारखे पत्र जाते. पाहिजे असते ते हे: अमुक धड्यावर त्याने काय विचारले, चुकलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी कसे सोडवून आणले. अकरावीपासून वर्गात बसल्याशिवाय ते मिळत नाही.

कॉलेजला ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचे एक पानही पाठवायचे असते. आपल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत ते तयार नसते. राज्य मंडळात ८८ टक्के म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला कसे कळावे? त्या पानावर वर्गात मुले किती, ९० च्या वर किती, ८० ते ९० मध्ये किती, विषय कोणते शिकवले जातात एवढे लिहिले तरी ८८ ला अर्थ येतो. टक्क्यांचे जीपीएत, म्हणजे अमेरिकी गुणांकात, रूपांतर मात्र करू नये. विद्यापीठे मूळ गुणच मागतात. आणि १ नोव्हेंबरची मुदत बहुधा दिवाळीच्या आगेमागे पडते, कॉलेजच्या ऑफिसला कुलूप असते. सह्या-शिक्के सप्टेंबरमध्येच उरकावेत.

आता कॉमन ॲप, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक अर्जातली उपक्रमांची यादी. दहा जागा, प्रत्येकात वर्णनाला १५० अक्षरे, शिवाय आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे. आपली मुले इथे विकतची इंटर्नशिप आणि ‘संस्थापक, अमुक फाउंडेशन’ लिहितात. तासगावकडचा मुलगा ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत रोज पहाटे बागेत असतो. डाउनी रोग कधी येणार याचा हवामान पाहून अंदाज बांधतो, फवारणीची वही ठेवतो, कोणते औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचे ते पाठ असते. तो हे लिहीत नाही, त्याला ते लाजिरवाणे वाटते. घरची जबाबदारी हा या यादीत मान्य असलेला प्रकार आहे. ‘४ एकर द्राक्षबाग, फवारणी नोंदवही ३ हंगाम, दैनंदिन तापमान-आर्द्रतेवरून रोगाचा अंदाज, औषधखर्चाचा हिशेब’ हे १५० अक्षरांत बसते आणि खरे असते. यानेही शंभरातले दोन एकदम दहा होत नाहीत. पण माणूस दिसतो, आणि विकतच्या प्रमाणपत्राने तो झाकला जातो.

गणिताची एक फसवणूक विशेष सांगायला हवी. ‘एका ठिकाणी पाच टक्के, मग आठ ठिकाणी अर्ज करा, चाळीस टक्के झाले,’ असे सांगतात. बेरीज तर चुकीचीच. ०.९५ आठ वेळा गुणले की ०.६६ येते, म्हणजे कुठे तरी एक होकार मिळण्याची शक्यता ३४ टक्के. पण हेही तेव्हाच खरे, जेव्हा आठ निर्णय एकमेकांपासून सुटे असतील. इथे तोच मुलगा, तीच गुणपत्रिका, तेच शिफारसपत्र आणि तोच ६५० शब्दांचा निबंध आठ ठिकाणी जातो. जे एकाला खटकते ते बाकीच्यांनाही खटकते. खरा आकडा ३४ च्या बराच खाली असतो, आणि प्रत्येक अर्जाला ७५ ते १०० डॉलर लागतात ते वेगळे.

अर्ली डिसिजन, म्हणजे नोव्हेंबरच्या आधीच्या फेरीचा आकडाही असाच मोह घालतो. ब्राऊनमध्ये २०२४ च्या प्रवेशासाठी आधीच्या फेरीत ६,२४४ पैकी ८९८ घेतले, म्हणजे चौदा टक्क्यांच्या वर. एकूण दर पाचाच्या जवळपास होता. पण त्या फेरीत आधीच ठरलेले खेळाडू असतात आणि होकार आला की जाणे बंधनकारक असते. दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करायला वाव राहत नाही. जिथे मागितलेली मदत मिळेल याची खात्री आहे तिथेच ही फेरी वापरावी.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचा हिशेब जरा सरळ आहे. विषयवार अर्ज आणि प्रवेशांचे आकडे ते जाहीर करतात, अनेक विषयांना लेखी चाचणी असते आणि मुलाखत विषयावरच होते. दोघांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, मुदत १५ ऑक्टोबर. खर्चाची मदत मात्र फार थोड्यांना मिळते.

सल्लागाराची परीक्षा घ्यायची तर एकच कागद मागावा. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या सगळ्या मुलांची यादी, नावे झाकून, कुठे अर्ज केला, आधी किती टक्के सांगितले होते आणि काय झाले. ज्या वीस अर्जांना ६० टक्के सांगितले त्यांतल्या बाराच्या आसपास होकार यायला हवेत. दोनच आले असतील तर त्यांचे ६० म्हणजे दहा. यादी मिळाली नाही आणि भिंतीवरचे फोटोच दाखवले गेले, तर किती अर्जांतून ते फोटो आले हे विचारावे. ‘प्रवेश नाही तर पैसे परत’ या अटीत बहुधा सोप्या विद्यापीठांची नावे आत घातलेली असतात. करार वाचताना ती यादी आधी पाहावी.

अर्जदारांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी मुले घेणारे विद्यापीठ कोणत्याही मुलाच्या यादीत ‘हाताशी’ या रकान्यात लिहू नये, मग तो कितीही हुशार असो. ‘पक्के’ विद्यापीठ म्हणजे जिथे निकष छापलेले आहेत, मुलगा ते पूर्ण करतो आणि खर्च घराला झेपतो. आपल्या मुलांसाठी ते बहुतेक वेळा सीईटी, जेईई किंवा आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेशपरीक्षा आयएटी यांच्या वाटेवर असते. म्हणून परदेशी अर्ज चालू असताना ती परीक्षा सोडू नये. नोव्हेंबर-डिसेंबरात निबंध आणि जेईईचा जानेवारीचा पेपर एकमेकांवर येतात. निबंधांचा पहिला खर्डा ऑगस्टपर्यंत झाला तरच दोन्ही निभते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. जिल्ह्यातल्या मुलाला मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची बातमी आपण आनंदाने छापता, छापायलाच हवी. तिच्यात आणखी दोन ओळी द्याव्यात. त्याने एकूण किती ठिकाणी अर्ज केले होते, आणि खर्चातला किती वाटा विद्यापीठाने उचलला.

आपले,
प्रवेशाच्या कामात विद्यार्थ्यांना मदत करणारे दोन शिक्षक,
विश्रामबाग, सांगली